घरच्या मैदानावर फायनल : जपायचं ते आपला गोल झाल्यावर

प्रश्न थोडक्यात असा : "आमच्या क्लबचा संघ जिल्हा लीगच्या फायनलला पोचलाय. फायनलचं ठिकाण सीझनच्या आधीच ठरलं होतं आणि ते नेमकं आमचंच ग्राउंड निघालं. गावात सगळे म्हणतात, कप आता घरातच आहे. घरच्या मैदानाचा फायदा फायनलमध्ये खरंच मिळतो का? मुलांना आदल्या रात्री घरी झोपू द्यावं की एकत्र ठेवावं? आणि लोकांच्या उत्साहाचं काय करायचं?"

फायदा मिळतो, पण लीगच्या सामन्यात मिळतो तेवढा नाही. शिवाय आपल्याला वाटतं की तो लोकांच्या ओरडण्यातून मिळेल. फायनलला तो तिथून फारसा येत नाही. कोचिंगमध्ये इतकी वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय की घरच्या फायनलमध्ये यजमान संघाची सगळ्यात नाजूक वेळ म्हणजे त्याने गोल केल्यानंतरची दहा मिनिटं. हे नुसतं मत म्हणून सोडून देऊ नका, खाली सामने देतो, स्वतः तपासा.

आपल्याकडच्या आयएसएलपासून (इंडियन सुपर लीग) सुरू करू. 2014 पासून 2025 पर्यंतच्या फायनल पाहिल्या तर स्वतःच्या घरच्या स्टेडियममध्ये, स्वतःच्या प्रेक्षकांसमोर फायनल खेळायची वेळ पाचदा आली. त्यातल्या चार वेळा यजमान हरले.

पहिला नंबर गोव्याचा. 20 डिसेंबर 2015, फातोर्डा. झिको कोच, समोर कोच मातेरात्झीचा चेन्नईयिन. 54व्या मिनिटाला चेन्नईयिनला पेनल्टी मिळाली, गोव्याचा गोलकीपर कट्टीमणीने ती अडवली, पण परतलेल्या चेंडूवर पेलिसारीने गोल केला. चारच मिनिटांत गोव्याच्या हाओकिपने बरोबरी साधली. 87व्या मिनिटाला जोफ्रेने गोव्याला 2-1 असं पुढे नेलं तेव्हा कप फातोर्ड्यातच राहणार हे स्टेडियममधल्या कोणाला सांगायची गरज नव्हती. 90व्या मिनिटाला कट्टीमणीच्या नावावर स्वयंगोल लागला आणि इंज्युरी टाइमच्या दुसऱ्या मिनिटाला मेंडोझाने तिसरा मारला. तीन मिनिटांत बरोबरी, पाच मिनिटांत कप गेला.

2016, कोची. केरळा ब्लास्टर्सला रफीने 37व्या मिनिटाला पुढे नेलं, 44व्या मिनिटाला कोलकात्याच्या एटीकेच्या सेरेनोने कॉर्नरवर हेडर मारला. पुढे टायब्रेकरमध्ये 4-3 ने कोलकात्याने कप नेला. 2018, बेंगळुरूचं श्री कांतीरवा. छेत्रीने नवव्याच मिनिटाला गोल केला, सतराव्या मिनिटाला चेन्नईयिनच्या माइलसनने बरोबरी केली, हाफ टाइमच्या तोंडावर त्यानेच दुसरा मारला, शेवटी 3-2.

मग 2024, कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम. हे उदाहरण मला सगळ्यात जास्त आवडतं, कारण त्यात तुलना आयतीच हातात येते. 15 एप्रिलला याच मैदानावर मोहन बागानने मुंबई सिटीला 2-1 ने हरवून लीग शील्ड (साखळीत पहिला येणाऱ्याला मिळते ती) जिंकली होती. तीन आठवडेही उलटले नव्हते तर 4 मे रोजी तेच दोन संघ, तेच मैदान, तसंच साठ हजारांवर गेलेलं पब्लिक आणि यावेळी फायनल. 44व्या मिनिटाला कमिंग्जने बागानला पुढे नेलं. हाफ टाइमनंतर 53व्या मिनिटाला पेरेरा डियाझची बरोबरी, 81व्या मिनिटाला बिपिन सिंग, आणि अगदी शेवटी वोय्टुस. मुंबई 3-1.

चारही सामन्यांत यजमान एकदा तरी पुढे होते आणि बरोबरी अनुक्रमे तीन, सात, आठ आणि नऊ मिनिटांत झाली. पाचवा सामना 12 एप्रिल 2025 चा, पुन्हा सॉल्ट लेक, मोहन बागान आणि बेंगळुरू. यजमान जिंकले तो हा एकमेव, आणि त्यात ते, 2015 च्या गोव्यासारखेच, आधी मागे पडले होते. 49व्या मिनिटाला बागानचाच डिफेंडर आल्बेर्तो रॉड्रिगेझकडून स्वयंगोल झाला. मग 72व्या मिनिटाला कमिंग्जची पेनल्टी आणि एक्स्ट्रा टाइममध्ये 96व्या मिनिटाला मॅकलारेनचा गोल. तिथून उरलेली चोवीस मिनिटं त्यांनी धरून काढली.

डिफेंडर राहुल भेके या सगळ्यात वेगवेगळ्या बाजूंनी होता. 2018 ला घरी हरलेल्या बेंगळुरूच्या संघात, 2024 ला परक्या घरी कप उचलणारा मुंबईचा कॅप्टन, आणि 2025 ला पुन्हा बेंगळुरूकडून त्याच सॉल्ट लेकवर हरलेला. घरच्या फायनलबद्दल कोणाशी तासभर गप्पा मारायला मिळाल्या तर मी त्याच्याशीच मारीन.

पाच सामन्यांवरून सिद्धांत मांडू नये, हे मलाही कळतं. म्हणून बाहेर बघू. 19 मे 2012, म्युनिक, चॅम्पियन्स लीगची फायनल. ठिकाण 2009 मध्येच ठरलेलं, आणि म्युनिकचाच क्लब बायर्न तिथवर पोचल्यावर जर्मनीत 'घरची फायनल' हीच घोषणा झाली होती. समोर चेल्सी, तेही टेरी, इव्हानोविच, रामिरेस आणि मेरेलेस सस्पेंड असताना. बायर्नला त्या सामन्यात वीस कॉर्नर मिळाले, चेल्सीला एक. 83व्या मिनिटाला म्युलरने हेडरवर गोल केला. 87व्या मिनिटाला कोच हाइंकेसने म्युलरला बाहेर घेऊन डिफेन्समध्ये व्हान बुइटेनला आत पाठवलं. 88व्या मिनिटाला चेल्सीला तो एकुलता एक कॉर्नर मिळाला, माताने मारला, ड्रोग्बा जवळच्या पोस्टकडे धावत आला आणि हेडर.

त्या बदलामुळेच गोल झाला असं मी म्हणणार नाही. पण कॉर्नरला कोणी कोणाला धरायचं याची वाटणी एका मिनिटापूर्वी बदललेली असते, कानठळ्या बसवणारा गोंगाट चालू असतो आणि 'तू याला घे, मी त्याला' हे कोणाला ऐकू जात नाही, तेव्हा काय होतं ते कोणत्याही कोचला कल्पनेने दिसेल. पुढे एक्स्ट्रा टाइममध्ये बायर्नच्या रॉबेनची पेनल्टी चेल्सीचा किपर चेकने अडवली. टायब्रेकरमध्ये माताची पहिलीच पेनल्टी नॉयरने अडवली, म्हणजे बायर्न पुढे. तरी हरले, 4-3. पहिल्या पाचांत पेनल्टी मारणाऱ्या बायर्नच्या खेळाडूंमध्ये एक गोलकीपर नॉयर स्वतः होता, त्यावरून काय ते समजा. म्युलर तोवर बेंचवर.

याचा अर्थ घरच्या फायनलला शाप आहे असा नाही. 1957 च्या युरोपियन कप फायनलमध्ये (आताची चॅम्पियन्स लीग) रिअल माद्रिदने स्वतःच्या बर्नाबेऊवर फिओरेंतिनाला 2-0 ने हरवलं. दी स्टेफानोची पेनल्टी 69व्या मिनिटाला, आणि सहाच मिनिटांत हेंतोचा दुसरा गोल. समोरच्याला श्वास घ्यायलाच दिलं नाही. 1965 ला त्याच कपच्या फायनलमध्ये इंटरने घरच्या सान सिरोवर बेन्फिकाला 1-0 ने हरवलं. पाऊस, चिखल, हाफ टाइमच्या आधी जाइरचा गोल, आणि नंतर कोच एरेराने दार लावून घेतलं. 2002 ला फायनूर्डने स्वतःच्याच रॉटरडॅममध्ये यूएफा कप जिंकला. यातल्या पहिल्या दोन सामन्यांत गोल झाल्यावर काय करायचं हे यजमानांना पक्कं ठाऊक होतं. एकाने दुसरा मारला, दुसऱ्याने कुलूप लावलं. गोव्याला किंवा बायर्नला पुढे गेल्यावर यातलं एकही जमलं नाही.

आता हे का होतं? लीगमध्ये घरच्या संघाला मिळणाऱ्या फायद्यातला एक भाग रेफ्रीमार्फत येतो, हे आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे. 2020 मध्ये कोरोनामुळे रिकाम्या स्टेडियममध्ये सामने झाले तेव्हा पाहुण्या संघांना मिळणाऱ्या कार्डांचं प्रमाण घटल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं. म्हणजे पब्लिकचा दबाव रेफ्रीवर पडतो. फायनलला मात्र रेफ्री आधीच सावध असतो, आयोजकांचं लक्ष असतं आणि तिकिटांची वाटणीही लीगसारखी नसते. म्युनिकला साडेबासष्ट हजार जागांपैकी दोन्ही क्लबना प्रत्येकी साडेसतरा हजार मिळाल्या होत्या. उरलेले आयोजकांचे पाहुणे, स्पॉन्सर, कुठून कुठून आलेले लोक. मैदान तुमचं असतं, स्टँड तुमचा नसतो.

दुसरा भाग मानसिक. 1984 मध्ये रॉय बाउमायस्टर आणि अँड्र्यू स्टाइनहिल्बर या संशोधकांनी अमेरिकी बेसबॉलच्या जुन्या फायनल मालिकांवरून असं मांडलं होतं की निर्णायक सामन्यात घरचा संघ उलट ढेपाळतो, कारण जिंकल्यावर आपण कोण होणार याचा विचार खेळाडूच्या डोक्यात शिरतो. पुढे नवी आकडेवारी जोडल्यावर या निष्कर्षाचा जोर बराच कमी झाला, त्यामुळे तो नियम म्हणून वापरू नका. माझ्यापुरतं त्यातलं एवढंच घेतो : मागे असलेल्या संघाला खेळायचंच असतं, पुढे गेलेल्या घरच्या संघाला एकाएकी जपायचं असतं, आणि जपायचं कसं हे बहुतेकांनी कधी प्रॅक्टिसला केलेलं नसतं. (योगायोग बघा, त्याच 1984 साली रोमा स्वतःच्या ऑलिंपिको स्टेडियमवर युरोपियन कपची फायनल लिव्हरपूलकडून टायब्रेकरमध्ये हरली. कोन्ती आणि ग्रात्सियानी दोघांचेही चेंडू बारवरून गेले.)

म्हणून तुमच्या प्रॅक्टिसमध्ये या आठवड्यात एक गोष्ट घाला. आपापसात मॅच लावा. फायनलची टीम कधीही गोल करो, शिटी मारून जाहीर करा, '1-0, दहा मिनिटं बाकी.' समोरच्या टीमने सेंटरपासून सुरुवात करायची, आणि समोर तुमच्याकडचे सगळ्यात पळणारे पोरगे ठेवा. पुन्हा पुन्हा करा. दोन-तीन वेळा पोरं हसतील, चौथ्या वेळी चिडतील, मग शिकतील. त्यात बघायचं ते असं : गोल झाल्यावर दोन्ही स्टॉपर (मधले डिफेंडर) आणि डिफेन्सच्या पुढचा हाफ (मिडफिल्डर) आनंद साजरा करायला पुढे धावत जाणार नाहीत. ते जागेवर थांबतील, एकमेकांना भेटतील आणि किपर त्यांना मार्किंग (कोणी कोणाला धरायचं ते) सांगेल. सेलिब्रेशन करायचं ते बेंचकडे यायचं, स्टँडकडे नाही. बेंचकडे आले की वीस सेकंदांत तुम्हाला दोन वाक्यं बोलता येतात; त्या गोंगाटात पुढची दहा मिनिटं मग कोणी तुमचं ऐकणार नसतं.

स्टँडकडे का नाही, याचं उदाहरण 2023 च्या कोपा लिबर्तादोरेसची, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या कपची, फायनल. फ्लुमिनेन्से माराकाना या घरच्या मैदानावर बोका ज्युनियर्सशी खेळत होते. कानोने 36व्या मिनिटाला पुढे नेलं, 72व्या मिनिटाला आद्व्हिंकुलाची बरोबरी, एक्स्ट्रा टाइममध्ये 99व्या मिनिटाला जॉन केनेडीचा अप्रतिम गोल. तो धावत पब्लिकमध्ये गेला, दुसरं यलो खाल्लं आणि बाहेर. दहा जणांवर आलेल्या फ्लुमिनेन्सेचं नशीब की थोड्याच वेळात बोकाचाही एक खेळाडू बाहेर गेला. कप त्यांनी जिंकला, पण तुमच्या गावात असं नशीब मिळेलच याची खात्री नाही. शर्ट काढला की यलो ठरलेलंच, हे पोरांना पुन्हा सांगा. घरच्या ग्राउंडवर शर्ट लवकर निघतात.

दुसरं, खुणा ठरवा. 'लाइन वर', 'सगळे आत', 'चेंडू धरा' अशा तीन-चार हाताच्या खुणा पुरतात. आवाजावर विसंबू नका. तिसरं, समोरच्याला कॉर्नर किंवा फ्री किक मिळालेली असताना बदली करू नका, आणि डिफेन्स वाढवण्यासाठी बदली करायची तर चेंडू त्यांच्या हाफमध्ये थ्रो-इनला गेलेला असताना करा. आत येणारा कोणाला धरणार हे बेंचवरच त्याच्याकडून वदवून घ्या. आणि पेनल्टी चांगली मारणारा पोरगा बाहेर घेताना दोनदा विचार करा, टायब्रेकर तुमच्याही स्पर्धेत असणारच.

आता झोपायचं कुठे. लोक या प्रश्नावर फार वाद घालतात, मला तो तितका अवघड वाटत नाही. प्रवास नसणं आणि स्वतःची गादी असणं हा घरच्या संघाचा खराखुरा फायदा आहे, तो स्वतःहून घालवू नका. लॉज घेऊन एका खोलीत चौघे कोंबले तर रात्री दोनपर्यंत गप्पा चालतात. घरी झोपू द्या. पण सकाळपासून एकत्र घ्या, नाश्त्यापासून, आणि फोन एका पिशवीत जमा करा. कारण फायनल म्हणजे घरचं कार्य. बाकीचे सगळे सजूनधजून येतात आणि घरच्यांना मात्र पाहुण्यांचं बघता बघता जेवायची शुद्ध राहत नाही. प्रत्येक खेळाडूचा मामा, शेजारी, शाळेतला मित्र पास मागणार. पास, गाड्यांची जागा, घरच्यांना कुठे बसवायचं, हे सगळं क्लबच्या एका माणसाकडे द्या, त्याचा नंबर सगळ्यांना कळवा, आणि यादी दोन दिवस आधी बंद करा. खेळाडूने 'मला माहीत नाही, त्यांना विचारा' एवढंच म्हणायचं. एखादा आई-वडिलांसाठी मागेल, ते अर्थातच आधीच यादीत धरा.

ग्राउंडबद्दल. तुम्हाला तुमची माती माहीत आहे, हा दुसरा खरा फायदा, फक्त तो आपोआप मिळत नाही. फायनलच्या दिवशी मैदान आयोजकांच्या ताब्यात असतं. गवत किती कापायचं, पाणी कधी मारायचं, मार्किंग किती रुंद, हे ते ठरवतील. तीन-चार दिवस आधी जाऊन विचारा, जमल्यास रेषा मोजून या. ड्रेसिंग रूम कोणती मिळणार तेही विचारा. नेहमीची खोली समोरच्यांना दिली गेली तर सामन्याआधी तासभर पोरं त्याचीच चर्चा करत बसतात. हे मोठ्यांचंही होतं. अमेरिकी फुटबॉलमध्ये 2022 चा सुपर बोल लॉस एंजेलिस रॅम्सच्या स्वतःच्या सोफाय स्टेडियममध्ये झाला, पण कागदोपत्री यजमान होते सिनसिनाटी बेंगल्स आणि रॅम्स पाहुणे. रॅम्स जिंकले, 23-20. पोरांना आधीच सांगून ठेवा की त्या दिवशी आपण कागदावर कोणीही असू शकतो.

वापरायच्या गोष्टी बारीक आहेत. संध्याकाळी पाचला सूर्य कोणत्या गोलच्या किपरच्या डोळ्यात येतो? कोणत्या कोपऱ्यात जमीन कडक आहे आणि चेंडू उंच उसळतो? वारा हाफ टाइमनंतर कोणत्या बाजूने सुटतो? टॉस जिंकणाऱ्याला बाजू किंवा किक-ऑफ निवडता येते. घरच्या संघाच्या कॅप्टनने किक-ऑफ मागणं म्हणजे हातातला फायदा सोडणं. बाजू मागा. टायब्रेकरला मात्र कोणत्या गोलवर मारायचं हे रेफ्री टॉसने ठरवतो, तुमच्या स्टँडसमोर मिळेलच असं नाही. आणि मिळालं तर पोरांना ते हवंय का, हेही आधी विचारून घ्या. काहींना आपल्या माणसांसमोर मारताना पाय जड होतात. पाच नावं आणि क्रम आदल्या दिवशी ठरवा, त्यात ज्याने 'मी मारतो' असं स्वतःहून म्हटलं त्याला आधी धरा.

तुम्ही पश्चिम महाराष्ट्रातले असाल तर एक आयता धडा जवळ आहे. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी, प्रॅक्टिस, बालगोपाल, या सगळ्या फुटबॉल संघांचं घर एकच, शाहू स्टेडियम. तिथला खेळाडू लहानपणापासून अर्धा स्टँड आपल्या बाजूने आणि अर्धा शिव्या घालणारा, असाच खेळतो. त्यामुळे तिथल्या पोरांना फायनलचा गोंगाट नवा नसतो. तुमच्या संघाला घरी फक्त कौतुकाची सवय असेल तर फायनलआधी एखादा फ्रेंडली सामना अशा संघाशी लावा की जो शंभर ओरडणारी माणसं घेऊन येईल. फातोर्डा असो की सॉल्ट लेक, गप्प झालेल्या स्टँडसमोर खेळणं हे फार वेगळं काम आहे. मागे पडलात तर तुमच्या लोकांनी गप्प बसू नये, यासाठी ढोल-ताशावाल्यांना आधीच सांगून ठेवा : आपला गोल झाला की दोन मिनिटांत थांबायचं, समोरच्यांचा झाला की वाजवायला लागायचं. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं चालतं.

राहिले फ्लेक्स आणि गुलाल. 'विजेत्या संघाचं हार्दिक अभिनंदन' असा फ्लेक्स फायनलआधी छापून घेऊ नका, फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो आणि समोरच्या कोचला ड्रेसिंग रूममध्ये भाषण करायची गरजच उरत नाही. फ्लेक्सवाले रात्रीतून छापून देतात. गुलालाची पोती ग्राउंडच्या गेटबाहेर ठेवा आणि राखायला कोणीतरी थोराड, कोणाचं न ऐकणारा माणूस बसवा. पहिल्या गोलला कोणी मूठभर उधळला, तो किपरच्या डोळ्यात किंवा पाणी मारलेल्या गवतावर गेला, तर रेफ्री सामना थांबवेल. त्या थांबलेल्या चार-पाच मिनिटांत समोरचा कोच आपली पोरं गोळा करून त्यांना हवं ते सांगून घेईल, आणि तुमची पोरं तोवर स्टँडकडे हात हलवत असतील.